जठरनिर्गम-संकोच : तान्ह्या बाळावरील दुर्बिणीची आणि पोट उघडून केलेली शस्त्रक्रिया

जठराच्या खालच्या तोंडाशी, जिथून दूध लहान आतड्यात उतरते तिथे, स्नायूंचे एक कडे असते. काही बाळांत जन्मानंतर ते जाड होत जाते आणि वाट बुजते. डॉक्टर या विकाराला ‘पायलोरिक स्टेनोसिस’ म्हणतात. त्रास बहुधा तिसऱ्या ते सहाव्या आठवड्यात सुरू होतो. मुलींपेक्षा मुलग्यांत तो सुमारे चौपट आढळतो, त्यातही पहिलटकरणीच्या मुलग्यात जास्त. आनुवंशिकतेचा त्यात वाटा आहे, आणि जन्मानंतरच्या पहिल्या दोन आठवड्यांत एरिथ्रोमायसिन हे प्रतिजैविक दिल्यास धोका वाढतो.

तान्हे बाळ दूध टाकते याचे घरातल्या जाणत्या बायकांना नवल वाटत नाही, आणि बहुतेक वेळा त्यांचे बरोबरच असते. पण गुळणी ओठांवरून ओघळते. या आजारातली उलटी पिचकारीसारखी दूर उडते. तिचा रंग दुधाचाच असतो, कारण अडथळा पित्त मिसळण्याच्या आधी आहे. (उलटी हिरवी असेल तर आजार वेगळा आणि जास्त घाईचा असू शकतो, मग तासाभराचीही वाट पाहू नये.) उलटी झाली की बाळ लगेच भुकेने रडते. उजेडात उघड्या पोटाकडे नीट पाहिले, तर दूध पाजताना डाव्या बरगडीखालून उजवीकडे सरकत जाणारी लाट कातडीखाली दिसते. कसलेल्या डॉक्टरच्या बोटांना बेंबीच्या वर उजवीकडे बोराएवढी टणक गाठ लागते. सोनोग्राफीत स्नायूची जाडी ३ मिलिमीटरपेक्षा जास्त भरली की निदान पक्के होते.

नाशिक जिल्ह्यात बाळाचे भवितव्य या टप्प्यावरच बरेचसे ठरते. पेठहून शहरात यायचे तर सावळघाट चढावा लागतो. सुरगाणा त्याहून लांब. दृष्ट काढण्यात, घुटी बदलून पाहण्यात चार-पाच दिवस गेले, तर बाळ सुकलेले, टाळू खोल गेलेले येते. आशा सेविका नवजात बाळाच्या घरी ३, ७, १४, २१, २८ आणि ४२ व्या दिवशी जातात. यांतल्या शेवटच्या तीन भेटी नेमक्या या आजाराच्या वयात पडतात. उलटी किती दूर जाते, लंगोट किती वेळा ओला होतो, मागच्या भेटीपेक्षा वजन वाढले का, एवढे विचारले आणि वजनकाटा वापरला तरी पुष्कळ बाळे वेळेत सापडतील.

बाळ रुग्णालयात आले की नातेवाईक ऑपरेशनची घाई करतात. हा आजार तातडीचा खराच, पण तातडी सलाइनची आहे, चाकूची नाही. उलटीवाटे जठरातले आम्ल जाते. रक्तातले क्लोराइड आणि पोटॅशियम उतरते आणि रक्त अल्कधर्मी होते. अशा रक्ताचे बाळ श्वास उथळ घेते, आणि तशातच भूल दिली तर ऑपरेशननंतर त्याचा श्वास थांबू शकतो. म्हणून सलाइनमधून क्षार भरून काढायला एक-दोन दिवस लागले तरी थांबावे. “अजून आत का नेत नाहीत?” असे विचारणाऱ्या बापाला हे नीट समजावून सांगणे उपचाराचाच भाग आहे.

शस्त्रक्रियेचे तत्त्व १९११ मध्ये जर्मनीतल्या म्युन्स्टर येथे कॉनराड रामश्टेट यांच्या हातून पुढे आले. त्याआधी फ्रान्समध्ये पिएर फ्रेदे स्नायू कापून पुन्हा टाके घालत. रामश्टेट यांनीही आधी तसेच करून पाहिले, पण टाके स्नायूत धरेनात. पुढे कापलेला स्नायू तसाच उघडा ठेवण्याची पद्धत रूढ झाली. आजही तेच करतात. पांढुरके, चकाकणारे कडे लांबीत चिरतात आणि चिमट्याने हळूहळू फाकवतात. कच्चा पेरू दुभंगावा तसा स्नायू सुटतो आणि फटीतून आतले मऊ अस्तर फुगून वर येते. त्या अस्तराला भोक पडता कामा नये. शेवटी नाकातल्या नळीतून जठरात हवा सोडून गळती नाही ना, ते पाहतात.

मग उघडी आणि दुर्बिणीची यांत फरक काय, तर तिथवर पोहोचण्याचा. उघड्या पद्धतीत उजव्या बरगडीखाली आडवा छेद घेतात, किंवा १९८६ मध्ये टॅन आणि बियांकी यांनी मांडल्याप्रमाणे बेंबीच्या कडेने अर्धगोल. हा व्रण पुढे जवळपास दिसत नाही. दुर्बिणीची पद्धत १९९१ मध्ये फ्रान्समधून प्रसिद्ध झाली. बेंबीतून दुर्बीण आणि पोटावरच्या दोन बारीक छिद्रांतून ३ मिलिमीटरची हत्यारे घालतात.

२००९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या १८० बाळांच्या तुलनात्मक अभ्यासात पूर्ण दूध सुरू व्हायला दुर्बिणीनंतर साधारण १८.५ तास लागले, उघड्या पद्धतीनंतर २३.९ तास. घरीही काही तास लवकर सोडता आले. मोठी गुंतागुंत दोन्हींकडे सारखीच. दुर्बिणीत स्नायू अपुरा चिरला जाण्याची शक्यता मात्र थोडी जास्त मानली जाते, विशेषतः हात नवखा असेल तर. त्यामुळे ‘दुर्बिणीतूनच करा’ हा आग्रह पालकांनी धरू नये. समोरचा बालशल्यचिकित्सक कोणती पद्धत नेहमी करतो आणि तान्ह्या बाळांना भूल देणारा सरावाचा भूलतज्ज्ञ आहे का, हे आधी विचारावे. बेंबीलगतचा छेद सफाईने घेणारा सर्जन जवळ असेल, तर केवळ दुर्बिणीसाठी बाळाला मुंबईला हलवण्यात काही मिळवणे नाही.

दूध काही तासांतच सुरू करतात. तोवर आईने दूध पिळून काढत राहावे, म्हणजे पान्हा आटत नाही. पहिल्या एक-दोन दिवसांत थोडी उलटी होतेच. त्याने घाबरू नये. आठवडा उलटूनही पिचकारीसारखी उलटी होत राहिली, तर स्नायू अपुरा सुटल्याची शंका घेऊन पुन्हा तपासतात आणि गरज पडल्यास पुन्हा शस्त्रक्रिया करतात.