मेडिकलवाल्याचं ‘नाही’

मुंबईतलं एखादं मेडिकल डोळ्यांसमोर आणा. संध्याकाळची वेळ, काउंटरवर चार-पाच गिऱ्हाइकं. त्यात एक माणूस खोकत शिरतो. दोन-तीन आठवडे झाले, खोकला जात नाही, ताप येतो, काहीतरी द्या म्हणतो. चिठ्ठी नाही. काउंटरमागचा माणूस एखादा प्रश्न विचारतो, फळीवरून दोन पत्ते काढतो, कात्रीने चार-चार गोळ्या कापतो, कागदी पाकिटावर दोन रेघा मारतो. सकाळ-संध्याकाळ, जेवणानंतर. पुढचं गिऱ्हाईक.

खोकणारा माणूस मात्र ठणठणीत असतो. त्याला ही तक्रार पाठ करवून पाठवलेलं असतं. बाहेर पडला की दुकानदाराने काय विचारलं, काय दिलं, काय सांगितलं हे सगळं तो नोंदवतो. २०१४-१५मध्ये दिल्ली, मुंबई आणि पाटणा इथल्या ६२२ औषध दुकानांत अशा शिकवून तयार केलेल्या रुग्णांच्या १,२०० भेटी झाल्या. त्यांच्याकडे सांगायला दोन गोष्टी होत्या. पहिली वर सांगितलेली. दुसऱ्या गोष्टीतला रुग्ण महिनाभर खोकत असे आणि क्षयाचे जंतू सापडल्याचा थुंकीच्या तपासणीचा अहवाल काउंटरवर ठेवत असे.

योग्य वागणूक कशाला म्हणायचं तेही आधी ठरवलेलं होतं : अँटिबायोटिक किंवा स्टिरॉइड न देता डॉक्टरकडे पाठवणं. पहिल्या गोष्टीत असं ५९९पैकी ८० वेळा घडलं, म्हणजे १३ टक्के. दुसरीत ६०१पैकी ३७२ वेळा, ६२ टक्के. अँटिबायोटिक विकण्याचं प्रमाण पहिलीत ३७ टक्के होतं, दुसरीत ते १६ टक्क्यांवर आलं. क्षयाची मुख्य औषधं तर एकाही दुकानाने परस्पर दिली नाहीत.

हे आकडे मला फार बोलके वाटतात. दुकानं तीच, मालक तेच, नफ्याचं गणितही तेच. बदलला तो एक कागद. मेडिकलवाल्याच्या नीतीबद्दल बोलताना आपण माणूस चांगला की लोभी एवढंच बघतो. इथे त्याच माणसांपैकी कितीतरी जण, समोर काय आहे हे कळल्यावर, हातातली विक्री सोडून देताना दिसतात.

पहिल्या गोष्टीतला खोकला खरा असता तर त्या चार गोळ्यांनी काय केलं असतं? समजा त्यात लिव्होफ्लॉक्सासिन हे अँटिबायोटिक होतं. ते फुफ्फुसातल्या इतर जंतूंबरोबर क्षयाच्या जंतूंनाही मारतं, पण एकटं पुरं पडत नाही. क्षयाचा जंतू सावकाश वाढणारा. दुसरे जंतू वीस-पंचवीस मिनिटांत दुप्पट होतात, तर याला जवळजवळ एक दिवस लागतो. म्हणून त्याच्यावर औषधं, तीही एकाला जंतूंनी दाद दिली नाही तर दुसरं मारेल अशी चार-चार एकदम, महिनोन्‌महिने द्यावी लागतात. तेवढ्या गोळ्यांनी खोकला थोडा हलका होतो, रुग्णाला वाटतं गुण आला, तपासणी लांबते. तोवर घरातली माणसं तीच हवा घेत असतात. जे जंतू या औषधाला दाद देत नाहीत ते मागे उरतात आणि वाढतात. पुढे नेहमीची औषधं चालेनाशी झालेला क्षय निघाला, तर डॉक्टर ज्या राखीव औषधांकडे वळतात त्यात याच कुळातली औषधं असतात. म्हणजे राखीव दारूगोळा आधीच भिजलेला.

हा धोका कुणाला नवा नव्हता. डिसेंबर १९४५मध्ये नोबेल स्वीकारताना पेनिसिलिनवाल्या अलेक्झांडर फ्लेमिंगने एका काल्पनिक गृहस्थाची गोष्ट सांगितली होती. त्याचा घसा दुखतो, तो दुकानातून थोडं पेनिसिलिन आणतो. जंतू मरायला ते अपुरं पडतं, पण औषधाला तोंड द्यायला शिकण्यापुरतं पुरतं. तेच जंतू त्याच्या बायकोला लागतात, तिला न्यूमोनिया होतो, पेनिसिलिन चालत नाही आणि ती जाते. भारतातल्या औषधविक्रीचे नियमही १९४५चेच. आजही शेड्यूल एच, म्हणजे डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय द्यायची नाहीत अशा औषधांची यादी, त्याच नियमांना जोडलेली आहे. मार्च २०१४पासून त्यात एच-वन ही आणखी कडक यादी आली. सेफिक्झिम, लिव्होफ्लॉक्सासिन, क्षयाची औषधं, अल्प्राझोलम, ट्रामाडॉल अशी ४६ औषधं सुरुवातीला तिच्यात होती. ही विकली की वेगळ्या वहीत डॉक्टरचं नाव-पत्ता, रुग्णाचं नाव, औषध आणि नग लिहायचे, आणि ती वही तीन वर्षं जपायची.

आता गंमत बघा. फार्मासिस्टांच्या नैतिक दृष्टिकोनाचा अभ्यास पुष्कळदा प्रश्नावलीने होतो. ‘चिठ्ठीशिवाय अँटिबायोटिक देणं योग्य वाटतं का?’ खाली पाच चौकटी, पूर्ण सहमत ते पूर्ण असहमत. प्रश्नावलीत सगळेच युधिष्ठिर असतात. खोटं बोलायचं असतं असंही नाही. परीक्षेत विचारल्यासारखं वाटतं आणि माणूस परीक्षेतलं उत्तर देतो. काउंटरवर तोच प्रश्न वेगळ्या रूपात येतो : “अहो, दोनच द्या ना. डॉक्टर परत तीनशे घेईल. मागच्या वेळी याच गोळीने बरं वाटलं होतं.” समोर ओळखीचा माणूस, त्याच्या मागे दोघं खोळंबलेले आणि रस्त्यापलीकडे दुसरं मेडिकल. बनावट रुग्णांची पद्धत आली ती ही दरी मोजायलाच.

ती दरी पैशानेही रुंदावते. किंमत नियंत्रणाखालच्या औषधांचा भाव ठरवताना सरकार किरकोळ विक्रेत्यासाठी १६ टक्के मार्जिन धरतं. गोळी विकली तर ते मिळतं. दहा मिनिटं समजावून रुग्णाला दवाखान्यात पाठवलं तर काहीच मिळत नाही, उलट गिऱ्हाईक तुटायची भीती. डॉक्टर सल्ल्याचे पैसे घेतो, वकील घेतो. औषधाचं शिक्षण घेतलेला फार्मासिस्ट मात्र सल्ला फुकट देतो आणि पोट मालावर भरतो. कंपन्यांच्या ‘दहावर दोन फुकट’ स्कीमा आल्या की कुठला पत्ता आधी हाताला लागतो, हे सांगायला नको.

शिवाय काउंटरमागे फार्मासिस्ट असतोच असंही नाही. १९४८च्या फार्मसी कायद्याप्रमाणे डॉक्टरच्या चिठ्ठीवरचं औषध नोंदणीकृत फार्मासिस्टनेच द्यायचं. २०१५च्या नियमांनी त्याला पांढरा कोट आणि नावाचा बिल्लाही सांगितला. प्रत्यक्षात कित्येक ठिकाणी सर्टिफिकेट भिंतीवर फ्रेममध्ये आणि त्याचा धनी दुसऱ्याच गावी. महिन्याला ठरलेली रक्कम घ्यायची आणि नाव वापरू द्यायचं. २०१२-१३च्या सुमारास महाराष्ट्राच्या अन्न व औषध प्रशासनाने फार्मासिस्ट दुकानात हजर हवाच असा आग्रह धरला, तेव्हा विक्रेत्यांनी बंदची भाषा केली. माझ्या मते या धंद्यातली सगळ्यात जुनी अनीती हीच. इतर चुका निदान कुणीतरी काउंटरवर उभं राहून करतं.

‘चिठ्ठी बघा, नियम पाळा’ एवढ्याने प्रश्न सुटला असता तर बरं झालं असतं. पण नियम पाळणारालाही कधीकधी पेच पडतो. चिठ्ठीवर महागडा ब्रँड आहे, म्हाताऱ्या बाईंच्या पिशवीत तेवढे पैसे नाहीत आणि त्याच घटकाची स्वस्त गोळी फळीवर आहे. नियम सांगतो की शेड्यूल एचमधलं औषध चिठ्ठीवर असेल तर त्याजागी दुसरं द्यायचं नाही, आत घटक तोच असला तरी. एकीकडे सरकार जनऔषधी दुकानं काढून जेनेरिक घ्या म्हणतं, दुसरीकडे ही अट. अशा वेळी “तेच आहे हो, कंपनी वेगळी” असं म्हणून स्वस्त गोळी पुढे करणारा मेडिकलवाला नियम मोडतो. मला तरी त्याला अनैतिक म्हणवत नाही. पण तो स्वस्ताऐवजी जास्त मार्जिनचा ब्रँड पुढे करत असेल, तर हेच वाक्य ‘नरो वा कुंजरो वा’ होतं.

आणि ‘नाही’ म्हणणं दर वेळी नीतीचंच असतं असंही नाही. गर्भपाताच्या गोळ्या डॉक्टरच्या चिठ्ठीवर कायदेशीर आहेत. तरी स्त्रीभ्रूणहत्येविरुद्धची मोहीम कडक झाल्यावर महाराष्ट्रात अनेक मेडिकलांनी त्या ठेवणंच सोडलं. तपासणीचा ससेमिरा कोण मागे लावून घेणार? वास्तविक गर्भाचं लिंग सोनोग्राफीत कळण्याआधीच या गोळ्यांची मुदत संपते. त्यामुळे या नकाराने मुली वाचत नाहीत. हातात रीतसर चिठ्ठी असलेली बाई तेवढी गावोगाव फिरते.

नायट्याच्या मलमाचं उलट. ते मागायला कुणी लाजत नाही आणि द्यायला कुणी कचरत नाही. त्या मिश्र मलमांत बुरशीच्या औषधाबरोबर कडक स्टिरॉइड असतं. स्टिरॉइड त्वचेची लाली आणि खाज दाबतं, दोन दिवसांत गिऱ्हाईक खूश. पण लाली ही शरीराच्या प्रतिकाराची खूण होती. प्रतिकार दबला की बुरशीला मोकळं रान. चट्टा पसरतो, त्याची गोल कड पुसट होते आणि त्वचारोगतज्ज्ञालाही पहिल्या नजरेत ओळखू येत नाही. २०१८मध्ये सरकारने अशी स्टिरॉइड मलमं शेड्यूल एचमध्ये टाकली. ट्यूबवर आता तशी सूचना असते, बारीक अक्षरात.

माझ्या ओळखीचे एक फार्मासिस्ट आहेत, तीस वर्षं स्वतः काउंटरवर उभे राहतात. चिठ्ठीशिवाय कुणी अँटिबायोटिक मागितलं की ते कायदा सांगत बसत नाहीत, रेझिस्टन्सवर, म्हणजे जंतू औषधाला दाद देईनासे होण्यावर, प्रवचनही देत नाहीत. “संपलंय,” म्हणतात. नियम सांगितला की माणूस वाद घालतो, संपलंय म्हटलं की निमूट जातो, हा त्यांचा अनुभव. नीतीसाठी दिवसाकाठी दहा वेळा खोटं बोलतो, असं सांगून स्वतःच हसतात.

परवा मी तिथेच उभा होतो. एक तरुण आला, गोळीचं नाव घेतलं. “संपलंय.” त्याने मान तिरकी करून त्यांच्या खांद्यावरून मागच्या फळीकडे बोट केलं. “ते काय, दिसतंय की.”

हे मागे वळलेही नाहीत. “तो रिटर्नचा माल आहे. खोकला किती दिवस आहे तुला?”