अकरा विजय मिळवूनही घरी का बसावं लागतं: एनएफएल प्लेऑफच्या हिशेबामागचा इतिहास

डिसेंबर लागला की अमेरिकन फुटबॉलच्या, म्हणजे एनएफएल या तिथल्या मुख्य व्यावसायिक लीगच्या, चाहत्याचं अर्धं लक्ष मैदानावर असतं आणि अर्धं कागद-पेन्सिलीवर. आपला संघ आठ जिंकला, सात हरला, दोन सामने उरले, एवढ्या माहितीवर त्याचं भागत नाही. कोणाकडून हरलो, तो संघ आपल्या डिव्हिजनमधला होता, कॉन्फरन्समधला होता की पलीकडच्या कॉन्फरन्सचा, हे त्याला आधी हवं असतं (लीगचे दोन मोठे भाग म्हणजे कॉन्फरन्स, आणि त्यांतले छोटे गट म्हणजे डिव्हिजन). क्रिकेटच्या नेट रनरेटवर वाढलेल्या माणसाला हे विचित्र वाटतं, कारण इथे गुणांचा फरक जवळजवळ कधीच कामाला येत नाही. हा गुंता एका बैठकीत कोणी रचलेला नाही. प्रत्येक नियमामागे एखादा घोळ किंवा एखाद्या संघाची तक्रार आहे, आणि हिशेब समजून घ्यायचा तर ते घोळ माहीत असलेले बरे.

पहिला घोळ 1932 चा. तेव्हा प्लेऑफ, म्हणजे हंगामानंतरची बाद फेरी, नव्हतेच. हंगाम संपला की ज्याची विजयाची टक्केवारी जास्त तो विजेता, आणि बरोबरीत सुटलेले सामने त्या टक्केवारीत धरतच नसत. शिकागो बेअर्सचे 6 विजय, 1 पराभव आणि 6 बरोबऱ्या. ओहायोतल्या पोर्ट्समथ स्पार्टन्सचे 6 विजय, 1 पराभव, 4 बरोबऱ्या. दोघांची टक्केवारी .857. ग्रीन बे पॅकर्सनी 10 सामने जिंकले होते, पण 3 हरल्यामुळे ते .769 वर राहिले. आजच्या नियमाने, म्हणजे बरोबरीला अर्धा विजय धरून, मोजलं तर पॅकर्सच पहिले येतात!

कोंडी फोडायला 18 डिसेंबर 1932 ला बेअर्स आणि स्पार्टन्स यांच्यात जादा सामना ठरला. शिकागोत बर्फ आणि कडाक्याची थंडी, म्हणून तो शिकागो स्टेडियमच्या छपराखाली खेळवला. आत जागा कमी असल्याने मैदान दोन्ही एंड झोन (टोकांचे गुण मिळवायचे पट्टे) धरून 80 यार्डांचं झालं. त्याआधी तिथे सर्कस होऊन गेली होती आणि तिची माती अजून जमिनीवर पसरलेलीच होती. बेअर्स 9-0 ने जिंकले. निर्णायक टचडाउन ब्रॉन्को नागुर्स्कीने रेड ग्रेंजकडे टाकलेल्या पासवर झाला. पास टाकणारा चेंडू खेळात येतो त्या रेषेच्या पाच यार्ड मागे असावा असा तेव्हाचा नियम होता आणि नागुर्स्की तेवढा मागे नव्हता, ही स्पार्टन्सची तक्रार. गंमत म्हणजे हा सामना नियमित हंगामातच धरला गेला, त्यामुळे हरलेले स्पार्टन्स दुसऱ्या नाही तर थेट तिसऱ्या क्रमांकावर घसरले. दोन वर्षांनी हाच संघ डेट्रॉइटला जाऊन लायन्स झाला. लायन्सचं आणि या हिशेबाचं नातं पुढेही सुटलेलं नाही.

लोकांना तो एक सामना आवडला. 1933 पासून लीगचे पूर्व आणि पश्चिम असे दोन भाग झाले आणि दोन्ही भागांच्या विजेत्यांत अंतिम सामना सुरू झाला. 'आधी आपला गट जिंका, मग पुढचं बघू' हे तत्त्व तेव्हा रुजलं ते आजतागायत हललेलं नाही. पुढच्या जवळजवळ सगळ्या तक्रारींचं मूळ तिथेच आहे.

तीसएक वर्षं ही पद्धत साधी होती. गटात दोन संघ पहिल्या जागी बरोबरीत आले तर त्यांच्यात एक जादा सामना होई. 1965 मध्ये पॅकर्स आणि बाल्टिमोर कोल्ट्स तसेच भिडले आणि पॅकर्स जादा वेळेत 13-10 ने जिंकले. 1967 मध्ये लीगने चार डिव्हिजन केल्या आणि जादा सामन्याऐवजी टायब्रेकर, म्हणजे बरोबरी फोडायचा नियम, आणला. त्याचा पहिलाच बळी कोल्ट्स. शेवटच्या आठवड्यापर्यंत ते एकही सामना हरले नव्हते: 11 विजय, 2 बरोबऱ्या. त्यातली एक बरोबरी लॉस एंजेलिस रॅम्सबरोबर 24-24 अशी सुटली होती. शेवटच्या सामन्यात समोर पुन्हा रॅम्स. रॅम्स 34-10 ने जिंकले, दोघेही 11-1-2 (विजय-पराभव-बरोबऱ्या) वर आले, आणि आपसातल्या दोन सामन्यांत रॅम्स वरचढ म्हणून कोल्ट्स बाहेर. पूर्ण हंगामात एक पराभव आणि प्लेऑफ नाही. त्याच वर्षी पॅकर्स 9-4-1 वर, तर ब्राउन्स आणि काउबॉइज 9-5 वर आपापल्या डिव्हिजन जिंकून आत गेले.

1970 मध्ये एएफएल ही दुसरी लीग एनएफएलमध्ये विलीन झाली तेव्हा ही जखम ताजी होती. 26 संघ, एएफसी आणि एनएफसी अशा दोन कॉन्फरन्स, प्रत्येकी तीन डिव्हिजन. तीन विजेते आणि चौथा, उरलेल्यांतला सगळ्यात चांगला संघ: वाइल्ड कार्ड. 'गट हरला म्हणून चांगला संघ वाया जाऊ नये' ही तडजोड तेव्हाची. एनएफसीच्या डिव्हिजन कशा पाडायच्या यावर मात्र मालकांचं एकमत होईना. शेवटी पाच आराखड्यांच्या चिठ्ठ्या एका फुलदाणीत टाकल्या आणि आयुक्त पीट रोझेल यांच्या सचिव महिलेने त्यातली एक उचलली. आज ज्या वैरांना पिढ्यान्‌पिढ्यांची म्हणतात, त्यांतली काही त्या चिठ्ठीने पक्की केली आहेत.

यजमानपदाचा घोळ वेगळा होता. घरचं मैदान कोणाला हे आधी आळीपाळीने ठरे, कामगिरीवर नाही. 1972 मध्ये मायामी डॉल्फिन्स 14-0 होते, तरी एएफसीच्या अंतिम सामन्यासाठी त्यांना 11-3 असलेल्या स्टीलर्सकडे पिट्सबर्गला जावं लागलं. ते 21-17 ने जिंकले म्हणून बोभाटा कमी झाला. 1975 पासून यजमानपद कामगिरीवर आलं. बरोबरीला अर्धा विजय धरायला सुरुवात 1972 मध्येच झाली होती.

पुढचा विस्तार भराभर सांगता येतो. 1978 मध्ये हंगाम 16 सामन्यांचा झाला आणि प्रत्येक कॉन्फरन्सला दुसरं वाइल्ड कार्ड मिळालं. 1980 च्या हंगामात ओकलंड रेडर्स हे वाइल्ड कार्डवरून सुपर बोल, म्हणजे लीगचा अंतिम सामना, जिंकणारे पहिले ठरले. 1982 मध्ये खेळाडूंच्या 57 दिवसांच्या संपामुळे नऊच सामने झाले, 16 संघ आत घेतले गेले, आणि 4-5 असे ब्राउन्स आणि लायन्सही प्लेऑफ खेळले. 1990 मध्ये कॉन्फरन्समागे सहा संघ झाले. 2002 मध्ये ह्यूस्टन टेक्सन्स आल्यावर 32 संघ आणि चार-चारच्या आठ डिव्हिजन झाल्या, म्हणजे चार विजेते आणि दोन वाइल्ड कार्ड. 2020 मध्ये सातवा संघ आला आणि पहिल्या फेरीची सुट्टी फक्त पहिल्या सीडपुरती, म्हणजे कॉन्फरन्समधल्या अव्वल क्रमांकाच्या संघापुरती, उरली. पहिल्या सीडला विजेतेपदासाठी तीन सामने जिंकावे लागतात, बाकीच्यांना चार. म्हणून आता दुसऱ्या आणि तिसऱ्या सीडमधला फरक किरकोळ आहे, पण पहिल्या आणि दुसऱ्यातला मोठा. 2021 पासून सामने 17.

हे 17 सामने कसे वाटलेले असतात ते नीट बघा, कारण खरा हिशेब तिथे दडलेला आहे. स्वतःच्या डिव्हिजनमधल्या तिघांशी दोनदोनदा, म्हणजे सहा. आपल्याच कॉन्फरन्समधल्या एका पूर्ण डिव्हिजनशी चार. कॉन्फरन्समधल्या उरलेल्या दोन डिव्हिजनमध्ये गेल्या वर्षी आपल्याच क्रमांकावर आलेल्या संघांशी दोन. झाले कॉन्फरन्सचे बारा. उरलेले पाच पलीकडच्या कॉन्फरन्सशी: एक पूर्ण डिव्हिजन आणि एक जादा संघ. विजय-पराभवाच्या रकान्यात हे सगळे सारखेच दिसतात, पण टायब्रेकरमध्ये त्यांचं वजन सारखं नसतं.

डिव्हिजनमध्ये दोघे बरोबरीत आले तर आधी आपसातले सामने बघतात, मग डिव्हिजनमधली कामगिरी, मग दोघांच्या समान प्रतिस्पर्ध्यांविरुद्धची, मग कॉन्फरन्समधली. त्यानंतर तुम्ही हरवलेल्या संघांची एकत्रित टक्केवारी, आणि मग सगळ्याच प्रतिस्पर्ध्यांची. गुणांचा नंबर त्यानंतर लागतो आणि अगदी तळाला नाणेफेक आहे. वाइल्ड कार्डसाठी क्रम बदलतो: आपसातले सामने झाले असतील तर ते, मग लगेच कॉन्फरन्स, मग किमान चार समान सामने असतील तर ते.

2008 च्या एएफसी ईस्ट या डिव्हिजनवर हा क्रम लावून बघा. न्यू इंग्लंड पेट्रियट्स आणि मायामी डॉल्फिन्स, दोघे 11-5. पेट्रियट्सचा क्वार्टरबॅक (पास टाकणारा मुख्य खेळाडू) टॉम ब्रेडी पहिल्याच सामन्यात जायबंदी झालेला, तरी अकरा विजय. आपसात एकेक सामना जिंकलेला, बरोबरी. डिव्हिजनमध्ये दोघेही 4-2, पुन्हा बरोबरी. समान सामन्यांत दोघेही 11-3. आता कॉन्फरन्स. पेट्रियट्सचे पाचही पराभव एएफसीतल्या संघांकडून: डॉल्फिन्स, चार्जर्स, कोल्ट्स, जेट्स, स्टीलर्स. म्हणजे 7-5. डॉल्फिन्सचा एक पराभव एनएफसीतल्या अ‍ॅरिझोना कार्डिनल्सकडून, म्हणून 8-4. पेट्रियट्सनी त्याच कार्डिनल्सना 47-7 ने धुतलं होतं. त्या चाळीस गुणांच्या फरकाचा काडीचा उपयोग झाला नाही. वाइल्ड कार्डमध्ये बाल्टिमोर रेव्हन्सही 11-5 आणि त्यांचेही 8-4. पेट्रियट्स घरी. त्याच कॉन्फरन्समध्ये सॅन डिएगो चार्जर्सनी 8-8 वर डिव्हिजन जिंकली, 12-4 असलेल्या कोल्ट्सना आपल्या मैदानावर बोलावलं आणि जादा वेळेत 23-17 ने हरवलं.

तेव्हा डिसेंबरात आपल्या संघाचे पराभव मोजताना त्यांचे तीन ढीग करावेत. पलीकडच्या कॉन्फरन्सकडून झालेला पराभव सगळ्यात स्वस्त. कॉन्फरन्समधला महाग. डिव्हिजनमधला सगळ्यात महाग, कारण तो आपसातल्या, डिव्हिजनच्या आणि कॉन्फरन्सच्या अशा तिन्ही हिशेबांत खाली ओढतो, शिवाय समोरच्याला एक विजय देतो.

चुका ठरलेल्या जागी होतात. तिघे बरोबरीत असले की लोक सरळ त्यांच्या आपसातल्या सामन्यांची बेरीज करतात. वाइल्ड कार्डमध्ये ते चालत नाही: तिघांतल्या एकाने बाकी दोघांना हरवलेलं असेल किंवा तो दोघांकडून हरला असेल, तरच ही पायरी लागू होते. दुसरी चूक याहून घातक. बरोबरीत एकाच डिव्हिजनचे दोन संघ असतील तर आधी डिव्हिजनच्या क्रमाने त्यांच्यातला एक निवडायचा आणि तोच बाहेरच्या संघांशी ताडून बघायचा. हे विसरलं की आख्खं गणित चुकतं. तिसरी, एक संघ गळला की उरलेल्यांसाठी पहिल्या पायरीपासून पुन्हा सुरुवात करायची असते. लोक आहे त्याच पायरीवरून पुढे जातात. आणि हरवलेल्या संघांची टक्केवारी महत्त्वाची ठरणार असं दिसलं, तर सप्टेंबरात ज्याला हरवलं त्या संघाला आता टाळ्या वाजवाव्या लागतात. हे जिवावर येतं, पण इलाज नाही.

"शक्यता 62 टक्के" अशा आकड्यांबद्दलही थोडं. शेवटच्या आठवड्यात 16 सामने असतात. फक्त विजय-पराभव धरले तरी 65,536 निकालसंच होतात. बरोबरीही धरली तर 4,30,46,721. म्हणून संगणकावर प्रत्येक संघाला एक मानांकन देऊन उरलेला हंगाम हजारो वेळा खेळवतात, प्रत्येक वेळी टायब्रेकर लावतात आणि आपला संघ किती वेळा आत आला ते मोजतात. कच्चा दुवा मानांकनात असतो. क्वार्टरबॅक बुधवारी सरावात लंगडला हे त्याला लगेच कळत नाही. ज्या संघाची सीड पक्की झाली तो शेवटच्या सामन्यात मुख्य खेळाडू बसवून ठेवतो, हेही पुष्कळ प्रारूपांत नसतं. ही विश्रांती कमी व्हावी म्हणून 2010 पासून लीग शेवटच्या आठवड्यात सगळे सामने डिव्हिजनमधलेच ठेवते. बराच फरक पडला, पण रोग पुरता गेलेला नाही.

आणि बरोबरी? ती क्वचित होते म्हणून हिशेबातून वगळणाऱ्यांनी 2021 आठवावं. नोव्हेंबरात स्टीलर्सची तोवर एकही सामना न जिंकलेल्या लायन्सबरोबर 16-16 अशी बरोबरी झाली आणि पिट्सबर्गात संताप उसळला. त्याच अर्ध्या विजयामुळे ते 9-7-1 वर थांबले आणि 9-8 वाल्यांच्या वर राहिले. तरी 9 जानेवारी 2022 च्या शेवटच्या रात्री एक अडचण उरली होती. रेडर्स आणि चार्जर्स बरोबरीत सुटले असते तर दोघेही आत आणि स्टीलर्स बाहेर. सामना 29-29 वर जादा वेळेत गेला, मग 32-32 झाला. 38 सेकंद उरले असताना चार्जर्सनी टाइमआउट घेतला. पुढच्याच धावेत रेडर्स दहा यार्ड पुढे सरकले आणि शेवटच्या क्षणी डॅनियल कार्लसनने 47 यार्डांवरून फील्ड गोल (चेंडू लाथेने खांबांमधून मारून मिळणारे तीन गुण) मारला. चार्जर्स बाहेर, स्टीलर्स आत.

डिव्हिजन जिंकणाऱ्याला घरचं मैदान मिळावं का, हा वाद 2010 च्या हंगामात पेटला. सिॲटल सीहॉक्स 7-9 वर डिव्हिजन जिंकले, 10-6 असलेले जायंट्स आणि बुकेनियर्स घरी बसले, आणि सीहॉक्सनी 11-5 च्या सेंट्सना आपल्या मैदानावर 41-36 असं हरवलं. प्लेऑफची जागा डिव्हिजन विजेत्याला मिळावी हे पटतं; नाहीतर डिव्हिजन ठेवायच्या कशाला? पण यजमानपदही आपोआप मिळावं, याचं समर्थन करणं अवघड आहे. 2024 च्या हंगामात मिनेसोटा वायकिंग्ज 14-3 होते. शेवटच्या सामन्यात लायन्सनी त्यांना 31-9 ने हरवलं, लायन्स 15-2 वर पहिली सीड झाले, आणि वायकिंग्ज एका रात्रीत पाचव्या सीडवर, 10-7 असलेल्या रॅम्सचे पाहुणे. रॅम्स 27-9 ने जिंकले. त्यानंतर बदलाचा प्रस्ताव आणला तो याचा फायदा झालेल्या लायन्सनीच: डिव्हिजन विजेत्यापेक्षा चांगली कामगिरी असेल तर वाइल्ड कार्डला वरची सीड द्यावी. पुरेसा पाठिंबा जमला नाही आणि मे 2025 मध्ये त्यांनी तो मागे घेतला.