'शटडाउन अबॉर्ट'ने डेटाबेस खराब होतो?

ओरॅकल हा डेटाबेस सांभाळणाऱ्यांमध्ये वर्षानुवर्षं एक भीती फिरतेय: 'शटडाउन अबॉर्ट' ही डेटाबेस तडकाफडकी बंद करणारी कमांड दिली की डेटाबेस करप्ट होतो. तसं होत नाही. नेहमीच्या कमिटचं (बदल पक्के करण्याच्या आदेशाचं) उत्तर येतं तेच मुळी त्याची नोंद डिस्कवरच्या रीडो लॉगमध्ये, म्हणजे बदलांच्या नोंदवहीत, गेल्यावर. पुढच्या 'स्टार्टअप'ला एसमॉन ही प्रोसेस त्या नोंदी डेटाफाइल्सवर पुन्हा चढवते, अर्धवट व्यवहार मागे घेतले जातात. अचानक वीज गेली तरी हेच घडतं.

म्हणून ऊठसूट अबॉर्ट मारावं असंही नाही. रोजच्या कामाला नीट बंद करणारं 'शटडाउन इमिजिएट'च बरं. ('शटडाउन नॉर्मल' शेवटचा युजर बाहेर पडेपर्यंत ताटकळत बसतं.) खरा धोका वेगळाच आहे: अबॉर्टनंतर तशाच फाइल्स कॉपी करून त्याला कोल्ड बॅकअप (नीट बंद केलेल्या डेटाबेसची प्रत) म्हणणं. आधी डेटाबेस उघडा, 'इमिजिएट'ने नीट बंद करा, मगच कॉपी.