तन्नीन: साप, मगर की समुद्रातला राक्षस?

इजिप्तचा राजा फारो याच्यासमोर मोशेचा भाऊ अहरोन काठी टाकतो आणि तिचा साप होतो, ही बायबलमधली गोष्ट अनेकांनी ऐकलेली असते. मूळ हिब्रूत मात्र तिथे सापाचा नेहमीचा शब्द ‘नाखाश’ नाही, ‘तन्नीन’ आहे. नाईलकाठचा दरबार म्हटल्यावर ती मगरच असावी, असं काही अभ्यासकांना वाटतं. यहेज्केल संदेष्टा तर खुद्द फारोलाच नाईलच्या प्रवाहांत पसरलेला तन्नीन म्हणतो. त्याच्या जबड्यात गळ अडकवायचे आहेत, खवल्यांना मासे चिकटलेत. इथे मगर डोळ्यांपुढे उभी राहते. पण बायबलमधल्याच ‘अनुवाद’ नावाच्या पुस्तकात तन्नीनला विष आहे, आणि मगरीला विष नसतं. म्हणजे तिथे तो सापच. बायबलमधला दुःखाने पिचलेला ईयोब देवाला विचारतो, ‘मी समुद्र आहे की तन्नीन, म्हणून माझ्यावर पहारा ठेवतोस?’ हा पहाऱ्यातला तन्नीन कोणता?

त्याचा माग सीरियाच्या किनाऱ्यावर लागला. १९२८मध्ये तिथे एका शेतकऱ्याच्या नांगराला प्राचीन थडगं लागलं आणि पुढच्या वर्षीपासूनच्या उत्खननात उगारित हे नगर उजेडात आलं. तिथल्या तीन हजारांहून अधिक वर्षं जुन्या मातीच्या पाट्यांवर हाच शब्द आहे. त्या लिपीत स्वर लिहीत नसत, त्यामुळे नुसतं ‘त्-न्-न्’ दिसतं. पण अनेक भाषांच्या एका शब्दयादीत उच्चारही सापडला: ‘तुन्नानु’. तिथल्या पुराणकथेत अनात देवी आपण हरवलेले शत्रू मोजते, त्यांत समुद्रदेव याम आहे, तुन्नान आहे, सात डोक्यांचा वळवळता सर्प आहे.

ही कथा मनात ठेवून बायबलच्या ‘उत्पत्ती’ या पुस्तकाचा पहिला अध्याय वाचावा. तिथे लढाई नाहीच. पाचव्या दिवशी देव ‘मोठे तन्नीनीम’ निर्माण करतो, मासे-पाखरांसोबत, आणि ते चांगलं आहे असं पाहतो. ‘बारा’, म्हणजे निर्माण केलं, हे खास क्रियापद या अध्यायात तीनच ठिकाणी येतं: आकाश-पृथ्वीसाठी, माणसासाठी आणि या तन्नीनांसाठी. शेजाऱ्यांच्या पुराणातला देवांचा वैरी इथे देवाच्या हातचा एक जीव झाला. मला या शब्दाच्या प्रवासातली ही सर्वांत मोठी उडी वाटते.

भाषांतरकारांची मात्र त्रेधा उडाली. ग्रीक भाषांतरात इथे ‘केटोस’ आला. देवमाशांच्या गटाचं ‘सिटेशिया’ हे शास्त्रीय नाव त्याच शब्दावरून पडलं. १६११च्या इंग्रजी बायबलात सरळ ‘मोठे व्हेल’ आहेत. भरीला हिब्रूत कोल्ह्याला ‘तान’ म्हणतात, अनेकवचन ‘तन्नीम’. शेवटच्या न-मची अदलाबदल झाली की संपलं! बायबलच्या ‘विलापगीत’ या पुस्तकात पिलांना पाजणारी कोल्ही त्या इंग्रजी बायबलात समुद्रराक्षसी झाली.

आजच्या हिब्रूत तन्नीन म्हणजे निव्वळ मगर. आपल्याकडे गंगेचं वाहन असलेल्या अद्भुत ‘मकरा’वरून ‘मगर’ आली, तसंच काहीसं. इस्रायलमध्ये कैसरियाच्या उत्तरेला ‘नाखाल तन्नीनीम’, मगरींची नदी, वाहते. विसाव्या शतकाच्या सुरुवातीपर्यंत तिच्या दलदलीत खरोखर मगरी होत्या.