गुद्दिफचा

गुद्दिफचा : इथिओपियातील ओरोमो समाजाची मूल दत्तक घेण्याची रूढी. आईबाप गेलेले, किंवा पोसवत नाही म्हणून त्यांनीच दिलेले मूल या रूढीने दुसऱ्या घरचे होते व पोटच्या मुलाइतकाच वारसाहक्क मिळवते.

ओरोमो भाषेत ‘गुद्दचू’ म्हणजे वाढणे, ‘गुद्दिसू’ म्हणजे वाढवणे आणि ‘गुद्दिफचू’ म्हणजे स्वतःसाठी वाढवणे. क्रियेचे फळ कर्त्याकडे येते असे सांगणारा हा प्रत्यय संस्कृतातील आत्मनेपदाची आठवण करून देतो. म्हणून ‘सांभाळ’ हा प्रतिशब्द अपुरा. ‘आपले म्हणून वाढवणे’ अधिक जवळचे.

रूढीचा काळ निश्चित नाही. 16व्या शतकात ओरोमो दूरवर पसरले, तेव्हा परक्या गटांना कुळात घेण्याची ‘मोग्गास’ ही प्रथा प्रचारात असावी. बळी दिलेल्या जनावराच्या रक्तात भाला बुडवून तो सभेत रोवत. नवागत त्याला हात लावून, तुमचा वैरी तो आमचा वैरी अशा अर्थाची शपथ घेत. काही अभ्यासक यात जितांना सामावून त्यांची ओळख पुसण्याचा मार्ग पाहतात, काही परस्पर संरक्षणाचा करार. दोन्ही प्रथांचे मूळ एकच मानण्याचा मोह होतो. परंतु गट सामावणे हा राजकीय व्यवहार आणि मूल घेणे हा घरातला, हा भेद राखणेच सयुक्तिक वाटते.

जुन्या हिंदू कायद्यात मूल देण्याचा अधिकार केवळ आईबापांना होता. त्यामुळे, विशेष रूढी नसेल तर, अनाथ मूल दत्तक जात नसे. ज्याला घराची सर्वाधिक गरज तेच बाहेर राही. गुद्दिफचा अशा मुलालाही घर देते.

मात्र मूल घेणाऱ्या घरात धान्य लागते. 1980मध्ये गिशेन मरियम या तीर्थस्थळाच्या यात्रेला निघालेल्या अबेबेच गोबेना यांना दुष्काळी वोल्लो प्रांतात मृत आईला बिलगलेले तान्हे मूल दिसले. त्यांनी ते घरी नेले. पुढे त्यांचे अनाथालय उभे राहिले. 1984-85च्या दुष्काळात तर शेजारीपाजारी सारेच उपाशी होते; मग मूल घ्यायचे कोणी?

इथिओपियाच्या 1995च्या संविधानाचे कलम 36 अनाथांना विशेष संरक्षण देते व दत्तकविधानास उत्तेजन देते. 2010च्या सुमारास अमेरिकेत दत्तक जाणाऱ्या परदेशी मुलांत चीनखालोखाल इथिओपियाची मुले असत. जानेवारी 2018मध्ये संसदेने परदेशी दत्तकविधान बंद केले.