दोन रोगांच्या कात्रीत: ब्रिटनमधल्या २००१च्या चितांची पार्श्वभूमी

एका मोठ्या गाईची चिता रचायची तर हिशेब साधारण असा: रेल्वेचा एक लाकडी स्लीपर, पेंढ्याची एक गासडी, २५ किलो बारीक सरपण, २०० किलोच्या आसपास कोळसा आणि पेटवायला डिझेल. एका गाईच्या जागी दोन डुकरं किंवा चार मेंढ्या धरायच्या. २५० गाईंचा कळप असेल तर ५० टन कोळसा बांधावर येऊन पडायला हवा, तोही एक-दोन दिवसांत. २००१च्या मार्च-एप्रिलमध्ये कंब्रिया, डेव्हन आणि डम्फ्रीजच्या शेतांत सरकारी यंत्रणा हेच करत होती.

रोग कुठला, तर लाळ्या-खुरकूत. आपल्याकडे या रोगावर लस टोचतात, तोंड पोटॅशच्या पाण्याने धुतात, आणि बहुतेक मोठी जनावरं दूध आटलेल्या अवस्थेत का होईना, उठतात. ब्रिटनचं गणित वेगळं होतं. ‘लस न टोचता रोगमुक्त’ हा दर्जा टिकला तरच मांस आणि जनावरांची निर्यात चालणार. म्हणून रोग आला की कळपच मारायचा.

ही पद्धत जुनी. १७१४ मध्ये लंडनच्या आसपास बुळकांडी हा गुरांचा जीवघेणा साथरोग आला, तेव्हा राजाचा शल्यवैद्य थॉमस बेट्स याने आजारी गाई विकत घेऊन मारायला लावल्या आणि मालकाला गाईमागे ४० शिलिंग देवविले. आधी त्या जाळल्या, ते परवडेना म्हणून खोल खड्ड्यांत पुरल्या. जाळायचं की पुरायचं हा वाद तेव्हापासूनचा आहे. १८६५-६६च्या बुळकांडीने कत्तल कायद्यात आणली. १९६७-६८च्या लाळ्या-खुरकुतात चार लाखांहून अधिक जनावरं मारली गेली. त्यानंतरच्या नॉर्थम्बरलँड समितीने १९६९ मध्ये निर्वाळा दिला, की शक्य तिथे शेतातच पुरावं, जाळण्यापेक्षा ते बरं.

मग २००१ मध्ये चिता का? त्याचं उत्तर दुसऱ्याच रोगात आहे.

१९८६ मध्ये मॅड काऊ हा गाईंचा मेंदू पोखरणारा रोग ओळखला गेला. मेलेल्या जनावरांची मांस-हाडांची भुकटी गाईंच्या खुराकात जात होती आणि रोग त्यातूनच फिरत होता. १९८८ मध्ये रवंथ करणाऱ्या जनावरांना ही भुकटी घालायला बंदी झाली, पण गळती राहिली. पक्का बंदोबस्त १ ऑगस्ट १९९६ पासूनचा मानतात. त्याच वर्षी २० मार्चला हा रोग माणसाला होत असावा हे सरकारने संसदेत मान्य केलं, आणि तीस महिन्यांवरचं प्रत्येक जनावर अन्नसाखळीतून बाद झालं. ती गुरं मारून, वितळवून, चरबी आणि भुकटी वेगळी करून गोदामांत साठवली जाऊ लागली. भुकटीचे ढीग लाखो टनांत गेले. ती जाळणाऱ्या भट्ट्या पुढे बरीच वर्षं कामाला होत्या.

लाळ्या-खुरकुताचा विषाणू तसा नाजूक. मेल्यावर स्नायूंत आम्ल वाढतं, त्यातच तो बराचसा मरतो. मज्जेत आणि लसिका ग्रंथींत तेवढा तग धरतो. मॅड काऊ ज्यातून होतो तो प्रिऑन, म्हणजे बिघडलेलं प्रथिन, मात्र मातीत वर्षानुवर्षं टिकतो. म्हणून नियम आला: १ ऑगस्ट १९९६ पूर्वी जन्मलेली गाय पुरायची नाही. दुधाच्या कळपात पाच वर्षांवरच्या गाई भरपूर. त्यात पर्यावरण खात्याला भूजलाची काळजी. मोठ्या गाईच्या शरीरातून पहिल्या दोन महिन्यांत सुमारे १६० लिटर द्रव झिरपतो, त्यातला निम्मा पहिल्याच आठवड्यात. १९६९चा सल्ला असा निकालात निघाला.

२३ मार्चला आदेश निघाला, की बाधित शेतावर २४ तासांत कत्तल आणि लगतच्या शेतांवर ४८ तासांत. मारणं वेगाने झालं, उचलणं झालं नाही. एप्रिलच्या सुरुवातीला दोन लाखांहून अधिक जनावरं मरून पडून होती. दोन-तीन दिवसांत पोट फुगतं, चारही पाय ताठ बाहेर येतात, आणि पोकलेनच्या दातांनी उचलताना कातडं फाटून पाणी गळतं. मग गळती न होणारे ट्रकही पुरत नाहीत. चितेचे स्वतःचे त्रास होते. खाली हवा खेळायला चर नीट नसेल किंवा कोळसा ओला असेल तर बाहेरून काळं, आत कच्चं. शिवाय क्रिओसोट, म्हणजे लाकूड टिकवणारं डांबरी तेल, पाजलेल्या जुन्या स्लीपरचा धूर. राखही तिथेच सोडता येत नव्हती.

कंब्रियातल्या ग्रेट ऑर्टनच्या जुन्या विमानतळावर लष्कराने चर खणले आणि ४ लाख ६६ हजार जनावरं पुरली. त्यात गुरं १२ हजारांच्या आसपास, बाकी बहुतेक मेंढ्या. वयाच्या नियमामुळे ते तसंच होणार होतं. पुरण्याआधी पोट भोसकून वायू सोडावा लागतो, नाहीतर फुगलेली धडं वरची माती उचलतात. वेल्समधल्या एपिंटला खड्डा झिरपू लागला, तेव्हा पुरलेली जनावरं उकरून जाळावी लागली. डेव्हनच्या ॲश मूरला खड्डे तयार झाले, पण त्यांत एकही जनावर गेलं नाही.

शेवटची चिता ७ मे रोजी पेटली. साथ ओसरत होती हे खरं, पण टीव्हीवर आकाशाकडे पाय केलेल्या जळत्या गाई रोज दिसत होत्या, पर्यटक पाठ फिरवत होते आणि सार्वत्रिक निवडणूक ३ मेची ७ जूनला ढकलली गेली होती. चिता थांबण्यात शास्त्राचा वाटा त्यापुढे थोडाच असावा.

सप्टेंबरअखेर २,०२६ बाधित ठिकाणं आणि ६० लाखांवर मारलेली जनावरं असा आकडा झाला. त्यानंतर क्रम उलटला: आधी बंदिस्त भट्टी किंवा वितळवणी कारखाना, मग परवान्याचा कचरा-डेपो, आणि अगदीच नाइलाज झाला तर खड्डा किंवा चिता. १ मे २००३ पासून युरोपीय नियमाने शेतात जनावर पुरणंच, दुर्गम भाग वगळता, बंद केलं. ग्रेट ऑर्टनच्या चरांवर आता वॉचट्री नावाचं निसर्ग राखीव क्षेत्र आहे.