नाताळबाजारातली ऊब, खरी आणि खोटी

थंडीत वासाचं बळ घटतं. वास म्हणजे पदार्थातून हवेत उडालेले रेणू, आणि तापमान उतरलं की उडणारे रेणूही कमी होतात. डिसेंबरात जर्मनीतल्या न्युरेंबर्ग किंवा ड्रेस्डेनच्या चौकात नाताळबाजार भरतो, तेव्हा पारा शून्याच्या आसपास असतो. उन्हाळ्यात दरवळणारी माती, झाडं, गटारं सगळी गप्प असतात. अशा कोऱ्या हवेत कुणी तांब्याची कढई तापवली, की तिचाच वास चौकभर राज्य करतो. जर्मन नाताळबाजारात काय खावं, काय प्यावं याची यादी कुठल्याही पर्यटन पुस्तिकेत मिळेल. मला गंमत वाटते ती वेगळ्याच गोष्टीची: तिथला जवळजवळ प्रत्येक पदार्थ थंडीशी काही ना काही चलाखी करतो. कधी खऱ्या उष्णतेनं, तर कधी आपल्या नसांना चकवून.

त्या कढईत असतात बदाम. साखर, पाणी, दालचिनी आणि सालासकट बदाम एकत्र उकळायला ठेवतात. पाणी आटतं, पाक घट्ट होतो आणि सतत ढवळल्यामुळे एका क्षणी साखरेचे स्फटिक एकदम सुटतात. बदाम वाळूत लोळवल्यासारखे कोरडे, पांढुरके दिसायला लागतात. इथवरची करामत मराठी वाचकाला नवी नाही. संक्रांतीचा काटेरी हलवा म्हणजे हेच रसायन, फक्त कमालीच्या सावकाशीनं केलेलं: मंद आचेवरच्या परातीत तिळावर किंवा खसखशीवर पाकाचा थेंब थेंब सोडायचा, हातानं हलवत राहायचं आणि स्फटिकाचा काटा वाढू द्यायचा. पण हलवा करणारीला साखर वितळायला नको असते, शुभ्र रंग गेला की सगळी मेहनत वाया. जर्मन बदामवाला मात्र आच तशीच ठेवतो. कढईच्या तळाशी स्फटिक पुन्हा वितळतात, १६० अंश सेल्सिअसच्या पुढे साखर करपण्याच्या वाटेवर लागते, तिचं कॅरमेल होतं आणि बदामांवर तपकिरी झिलई चढते. शिवाय बदामातली प्रथिनं आणि शर्करा यांच्यात मायार अभिक्रिया होते. पाव भाजताना, कॉफीच्या बिया भाजताना जो खमंगपणा येतो, तो याच अभिक्रियेचा. चौकभर पसरतो तो हा वास.

आता ग्लूवाईन, म्हणजे मसाले घालून गरम केलेली वाईन. युरोपीय संघाच्या नियमानुसार या नावानं विकायच्या पेयात दालचिनी किंवा लवंग हवी, वरून पाणी मिसळायचं नाही आणि अल्कोहोल निदान ७ टक्के हवं. ती उकळायची नाही, हे विकणारा प्रत्येक जण सांगतो. कारण मात्र बहुतेक वेळा चुकीचं सांगितलं जातं: "७८ अंशांना अल्कोहोल उडून जातं." ७८ अंश हा शुद्ध अल्कोहोलचा उत्कलनबिंदू. बारा टक्क्यांची वाईन उकळते ती साधारण ९१-९२ अंशांना. अल्कोहोलची वाफ त्याआधीच निघत असते, ७८ला कुठली कळ दाबली जात नाही. पण उकळी फुटलीच, तर निघणाऱ्या वाफेत वजनानं जवळपास निम्मं अल्कोहोल असतं, आणि संत्र्याच्या सालीतलं लिमोनीन, लवंगेतलं युजेनॉल हे सुगंधी रेणूही तिच्याबरोबर निघून जातात. उरतो तो नुसता आंबट काढा.

तर हा पेला खरोखर किती ऊब देतो? २०० मिलिलिटर पेय ७० अंशांवर असेल, तर ३७ अंशांपर्यंत येताना ते शरीराला साडेसहा-सात किलोकॅलरी उष्णता देतं. साठ किलोच्या माणसाचं तापमान त्यानं जेमतेम एक दशांश अंश वाढेल. बाकीची ऊब नसांच्या खात्यातली. आपल्या मज्जातंतूंवर टीआरपीव्ही-१ नावाची दारासारखी प्रथिनं असतात. साधारण ४२ अंशांच्या वर ती उघडतात आणि मेंदूला 'भाजतंय' असा निरोप जातो. मिरचीतलं कॅप्सेसिनही तीच दारं उघडतं. याच धाग्यावरून डेव्हिड ज्युलियस यांनी १९९७ मध्ये हे प्रथिन शोधून काढलं आणि २०२१ चं नोबेल त्यांना आर्डेम पाटापुटियन यांच्याबरोबर मिळालं. अल्कोहोलची करणी २००२ मध्ये उघड झाली: ते या दाराचा उंबरा ४२ वरून ३४ अंशांच्या आसपास खाली आणतं. म्हणजे शरीराचं नेहमीचं तापमानच 'गरम' भासायला लागतं. लवंगेतलं युजेनॉल उबेची जाणीव देणारं टीआरपीव्ही-३ जागं करतं आणि दालचिनीतलं सिनॅमाल्डिहाइड झोंबण्याची जाणीव देणाऱ्या टीआरपीए-१ ला डिवचतं. आपल्या आज्या लवंग-दालचिनीला 'उष्ण' म्हणत आल्या, ते निदान जिभेपुरतं तरी अक्षरशः खरं आहे. शरीराच्या बाबतीत मात्र उलटं घडतं. अल्कोहोलनं त्वचेतल्या रक्तवाहिन्या रुंदावतात, आतलं गरम रक्त पृष्ठभागावर येतं, गाल लाल होतात आणि उष्णता बाहेर पळते. तिसऱ्या पेल्यानंतर कोटाची बटणं सोडणारा माणूस खरं तर गारठत असतो.

न्युरेंबर्गच्या लेबकुखन या मसालेदार बिस्किटांत फुगवण्याचं काम दोन जुने क्षार करतात. एक पोटॅशियम कार्बोनेट. दुसरा अमोनियाचा क्षार, जो पूर्वी हरणाच्या शिंगांपासून काढत. हा दुसरा भलताच मजेशीर: साठ अंशांच्या आसपास त्याचे कार्बन डायऑक्साइड, अमोनिया आणि वाफ असे तीन वायू होतात, मागे कणभरही काही उरत नाही. पण अमोनिया पूर्ण निघून जायला बिस्कीट पातळ आणि चपटं हवं. जाड केकमध्ये हा क्षार घातलात तर त्याला दर्प राहील. लेबकुखनच्या 'एलिझेन' या उंची प्रकारात निदान २५ टक्के सुकामेवा आणि जास्तीत जास्त १० टक्के पीठ असतं, त्यामुळे ते बिस्कीट कमी आणि मेव्याची वडी जास्त.

दालचिनीवरून २००६ च्या सुमारास जर्मनीत चांगलाच गदारोळ झाला. स्वस्त कॅशिया दालचिनीत कूमरिन नावाचं द्रव्य बरंच असतं आणि ते काही लोकांच्या यकृताला त्रासदायक ठरू शकतं. रोजची सुरक्षित मर्यादा शरीराच्या दर किलोमागे ०.१ मिलिग्रॅम. दालचिनीच्या पारंपरिक आणि सणासुदीच्या भाजलेल्या पदार्थांना युरोपीय संघानं एका किलोत ५० मिलिग्रॅमपर्यंत सूट दिली. हिशेब करून पाहा: १५ किलोच्या मुलानं अशी ३० ग्रॅम बिस्किटं खाल्ली की दिवसाची मर्यादा संपली. एखाद्या दिवशी ओलांडली तर काही बिघडत नाही, रोज महिनाभर नको इतकंच. आपल्या बाजारातली जाड, कडक, एकपदरी साल बहुधा कॅशियाच असते. श्रीलंकेची दालचिनी पातळ असते, तिचे अनेक पदर एकात एक गुंडाळलेले असतात आणि तिच्यात कूमरिन अगदी नगण्य असतं.

ड्रेस्डेनचा बाजार १४३४ पासूनचा आणि त्याची शान म्हणजे श्टोलन हा लोणी-मनुकांचा पाव. नाताळआधीच्या उपासात लोणी वर्ज्य होतं, म्हणून तो तेलात होई. १४९१ मध्ये पोपनं पैसे भरून लोणी वापरण्याची मुभा दिली आणि पावाचं नशीब पालटलं. आठवडे टिकतो तोही लोण्यामुळेच: भरपूर स्निग्धांशामुळे पाव लवकर शिळा होत नाही, आणि वरचा लोणी-साखरेचा थर आतला ओलावा धरून ठेवतो.

भाजलेले चेस्टनट दिसले तर मात्र बदामाच्या हिशेबानं खाऊ नका. त्यांत तेल जवळजवळ नसतंच, निम्मं पाणी आणि बाकी मुख्यतः पिष्ट. चवीनं ते रताळ्याच्या जवळचे. त्या पाण्याची वाफ कवचात कोंडली तर फळ फुटून उडतं, म्हणून आधी सालाला चीर देतात. आणि सोलायचे ते बोटं पोळत असतानाच, गार झाले की आतलं तुरट साल गराला चिकटून बसतं.